अर्धी गोळी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन : माझ्या मोठ्या मावशीचे. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यात परतायचे. तेवढे महिने मला शाळेत टिकवायचं तर कुणाच्या तरी घरी ठेवणं भाग होतं. मावशी तालुक्याच्या गावात, वस्तीवर राहायची. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि ती कचरा वेचायची. तिने मला पाचवीपासून बारावीपर्यंत सांभाळलं आणि पुढे कॉलेजला नगरला धाडलं. आमच्या दोन्ही घरांत मी पहिला पदवीधर. पदवीदानाच्या दिवशी भाड्याचा काळा झगा घालून मी फोटो काढला. तो तिने घराच्या पत्र्याला चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "वकील न्हाई झाला, पन कोट तसलाच हाय."

पुढे मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं. समाजकार्य म्हणजे काय, हे मावशीला समजावताना मला अर्धा तास लागला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हंजे गरिबाला इचारायचं, बाबा तू गरीब हायस का, आन लिहून घ्यायचं." मी म्हणालो, तसं नसतं. नोकरीला आता सहा वर्षं झाली. तिच्या व्याख्येत काय दुरुस्ती करावी ते मला अजून सुचलेलं नाही.

मी नगरच्या एका संस्थेत काम करतो. संस्थेच्या प्रमुख मॅडम मनाने चांगल्या आहेत, पण कुठलीही गोष्ट समोर आली की ती अहवालात कशी दिसेल हे त्यांना आधी दिसतं. 'कचरावेचक महिलांचे व्यावसायिक आरोग्य' असा प्रकल्प आम्हाला मिळाला तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. "तुझं गाव आहे, तुझी माणसं आहेत. तू त्यांच्यातूनच आलास, हे फार उपयोगी पडेल," त्या म्हणाल्या. कुणाला उपयोगी पडेल, हे मी विचारलं नाही. मला क्षेत्र समन्वयक हे पद मिळालं आणि गळ्यात घालायला निळ्या फितीचं ओळखपत्र.

उद्घाटनाची कार्यशाळा गावातल्या एका मंगल कार्यालयात ठेवली. बायकांना सकाळी नऊला बोलावलं होतं. वेचणाऱ्या बाईचा दिवस पाचला सुरू होतो आणि घंटागाडी फिरून गेली की संपतो. गाडीच्या मागे काही उरत नाही. त्यांना नऊला बोलावणं म्हणजे त्यांचा दिवस बुडवणं. हे मला माहीत होतं आणि तरी मी निमंत्रणावर नऊच लिहिलं, कारण पाहुण्यांना त्याआधी जमत नव्हतं. बायका आल्या, कारण बोलावणारा भाचा होता. पाहुणे साडेअकराला आले. तोवर बायकांनी कार्यालयाच्या मागचा ढीग बघून घेतला होता आणि आदल्या दिवशीच्या लग्नातल्या रिकाम्या बाटल्यांची पोती भरून खुर्च्यांखाली सरकवली होती. कार्यशाळेचा प्रत्यक्ष लाभ विचाराल तर तो एवढाच.

मंचावर सात खुर्च्या होत्या. सातही जणांना शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं रोप. प्रमुख पाहुणे गावातल्या एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर होते. त्यांनी आरोग्यावर मार्गदर्शन केलं. कामावर निघण्यापूर्वी पोटभर नाश्ता करावा, हंगामी फळं खावीत, वजन उचलताना पाठ न वाकवता गुडघ्यात वाकावं. दर थोड्या वेळाने साबणाने हात धुवावेत. पडद्यावर पिवळं हेल्मेट घातलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं : सुई टोचल्यास आपल्या पर्यवेक्षकास तात्काळ कळवावे.

"परवेक्षक म्हंजी कोन गं?" मागून एक आवाज आला.

"आपली कुत्री," मावशी म्हणाली. "पाच वाजल्यापासनं तीच बघत्यात आपल्याकडं."

सगळ्या हसल्या. मंचावरचे हसले नाहीत, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. मग कुणाला काही विचारायचं आहे का, असं सूत्रसंचालकांनी विचारलं. हे वाक्य कार्यक्रमपत्रिकेत असतं, त्याला उत्तर द्यायचं नसतं. मावशी उभी राहिली.

"डाक्टरसायेब, तुमच्या दवाखान्याच्या मागल्या बोळात आमी रोज येतो. तिथं हात धुयाला नळ हाय का?"

डॉक्टर प्रसन्न हसले. "मावशी, सूचना चांगली आहे. आपण विचार करू."

"आन त्या काळ्या पिशवीत सुया येत्यात. शेंगदान्यासारख्या. खालच्या बाजूला."

"आमच्याकडून नाही येणार. आमचा जैविक कचरा वेगळा जातो, त्याची गाडी वेगळी असते. दुसऱ्या कुणाची असेल पिशवी."

"आसंल," मावशी म्हणाली. "दुसऱ्याची पिशवी तुमच्या दाराम्होरं येऊन बसत आसंल." आणि ती खाली बसली. सूत्रसंचालकांनी चर्चा खेळीमेळीत झाली असं सांगून आभार मानले.

शेवटी हातमोज्यांचं वाटप झालं. मोजे जाड रबराचे, नारिंगी, आणि बहुतेक वेल्डिंगवाल्यांच्या मापाचे. मावशीच्या हातात ते घातले तर बोटांच्या पुढे एकेक पेर रिकामं लोंबायचं. प्रत्येक बाईला एक जोड, प्रत्येकीचा एक फोटो.

आठवड्याने मी पाहणीला गेलो. मावशी अंगणात माल वेगळा करत बसली होती. शेजारी तिची जोडीदारीण. तिला मी काकू म्हणतो. वेचणाऱ्या बायका एकट्या फिरत नाहीत, जोडीने फिरतात. बोळाची एक बाजू एकीची, दुसरी दुसरीची, आणि शेवटी जे निघेल त्याचे दोन सारखे वाटे. एखाद्या घरून शिळी भाकरी मिळाली तरी मोडून अर्धी-अर्धी. मावशी आणि काकू वीस वर्षांची जोडी. भांडण झालं तर दोघी एकमेकींशी बोलत नसत, पण वाटा पडायचाच, न बोलता.

दोघींचेही हात उघडे होते. मोजे कुठे आहेत असं मी विचारलं.

"हायत की. घडी घालून ठिवलेत. कुनी तपासायला आलं तर घालू."

"मीच आलोय तपासायला."

"तू व्हय? मला वाटलं, भाकर खायाला आलास."

मग तिने मला मोज्यांची अडचण दाखवली. डोळे मिटले, पोत्यातून एकेक वस्तू काढली, अंगठा आणि तर्जनीत दाबली, नखाने खरवडली आणि उजव्या-डाव्या ढिगात टाकत गेली. कडक प्लास्टिक, मऊ प्लास्टिक, दुधाची पिशवी, आतून चंदेरी असलेली वेफरची पिशवी. एकही चुकलं नाही. मग एक मोजा चढवला आणि पुन्हा डोळे मिटले. चौथ्या वस्तूला चुकली. मिसळलेलं पोतं भंगारवाला घेत नाही. तो ते उलटं करून दारातच ओततो आणि सगळ्या बाजारादेखत पुन्हा वेगळं करायला लावतो.

"ह्ये घातलं की बोटं आंधळी हुत्यात," ती म्हणाली. "आन ह्या कामात डोळ्यापेक्षा बोटं लागत्यात. पाच वाजता काय दिसतंय?"

हे तिने कार्यशाळेत सांगायला हवं होतं, असं मी म्हणालो. "इचारलं कुनी?" काकू म्हणाल्या.

पुढच्या खेपेला गेलो तर तोडगा निघालेला होता. मावशीने विळीवर दोन्ही मोज्यांच्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं कापून टाकली होती. आता बोटांना दिसत होतं. गावातल्या सगळ्या बायकांनी तसंच केलं. मला खरं सांगायचं तर ती युक्ती आवडली. सगळ्या बायका मोजे वापरत होत्या आणि प्रकल्पाच्या तक्त्यात रकाना एवढाच होता : लाभार्थी हातमोजे वापरतात का? होय/नाही. मी 'होय'वर खूण केली. फोटो हवा होता. कापलेली टोकं फोटोत दिसली असती, म्हणून मी बायकांना सांगितलं, "मुठी वळा आणि हात वर करा." त्यांनी नारिंगी मुठी वळून हात वर केले. मॅडमना तो फोटो इतका आवडला की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. खाली लिहिलं होतं : सक्षम हात.

त्यानंतर महिनाभराने एका मंगळवारी संध्याकाळी मी मावशीला फोन केला. जेवलास का, आईचा फोन आलता का, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "काल जरा सुई घुसली. काय न्हाई, चुना लावलाय."

"कुठे घुसली?"

"त्याच बोळात."

"हाताला कुठे?"

"अंगठ्याशेजारच्या बोटाला. शेंड्याला."

म्हणजे जिथे मोजा कापला होता तिथे. मी फोन ठेवला. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की वापरलेली सुई टोचली तर औषध तीन दिवसांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. दीड दिवस चुन्यात गेला होता. बुधवारी सकाळच्या पहिल्या एसटीने मी गाव गाठलं.

मावशी यायला तयार नव्हती. सुया काय पहिल्यांदा टोचत होत्या का, असं तिचं म्हणणं. काचेने कापलेलं दाखवू, की उंदीर चावलेलं दाखवू, की दर पावसाळ्यात पायाला होतात त्या चिखल्या दाखवू? कुठकुठल्या दुखण्यासाठी दवाखाना धरायचा? पण खरी अडचण वेगळी होती. सरकारी दवाखान्यात हे औषध ज्या खोलीत मिळतं तिच्या दारावर एड्सच्या लाल फितीचं चित्र आहे आणि त्याचा अर्थ वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

"त्या खोलीम्होरं मला कुनी बघितलं तर उद्या माझ्या हातचं पानी कोन पिईल?"

काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता कोन पितंय?"

मावशी हसायला लागली, ती पदर तोंडाला लावूनच थांबली. "चल बाबा," ती मला म्हणाली. "न्हाईतरी गिऱ्हाईक कुठं हाय."

आम्ही तिघं गेलो. केसपेपर काढायच्या खिडकीत व्यवसायासाठी चार पर्याय होते : शेती, नोकरी, मजुरी, गृहिणी. मी कचरावेचक म्हणालो. खिडकीतल्या गृहस्थांनी गृहिणी लिहिलं. काकू बाहेरच्या बाकावर बसल्या, हात पदराखाली घेऊन. मी त्यांना चहा आणून दिला आणि मावशीला घेऊन आत गेलो.

आतल्या सिस्टरने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुई टोचल्यावरचं औषध स्टाफसाठी असतं. ह्या स्टाफ आहेत का?"

"न्हाई बाई," मावशी म्हणाली. "पन सुई कुन्या तरी स्टाफनंच टाकली आसंल."

सिस्टरला हे उत्तर कुठल्या रजिस्टरात लिहावं ते कळेना. ती आतून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती, माझ्याहून लहान असावी. तिने मावशीचं बोट धुतलं, पुन्हा धुतलं आणि विचारलं, "चुना कुणी लावला?" मावशी म्हणाली, "परवेक्षकानं." मग त्या मुलीने रक्त घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, काविळीच्या लशीचा पहिला डोस दिला आणि गोळ्यांची बाटली दिली. रोज एक गोळी, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. मळमळेल, चक्कर येईल, तरी बंद करायची नाही. नंतर पुन्हा रक्त तपासायचं. "सुईमधून तो आजार होण्याची शक्यता तशी फार कमी असते," ती म्हणाली. "पण कमी म्हणजे नाहीच असं नसतं. म्हणून गोळ्या."

ती सुई कुठल्या पेशंटची होती ते कळलं तर बरं होईल, असंही ती म्हणाली. म्हणून दुपारी मी कार्यशाळेच्या पाहुण्यांकडे गेलो. डॉक्टरांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण पिशवी आमचीच, याला पुरावा काय?"

मी म्हणालो, तक्रार नाही, फक्त त्या दिवशीच्या पेशंटची माहिती हवी आहे.

"त्यांनी मोजे घातले होते ना?"

"घातले होते. पण टोकं कापलेली होती."

"बघा," डॉक्टर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले. "म्हणजे सुरक्षेची साधनं दिली तरी ही माणसं वापरत नाहीत. मी त्या दिवशी इतकं मार्गदर्शन केलं." खिडकीतून मागचा बोळ दिसत होता. नळ नव्हता. कुंडीतलं रोप मात्र टेबलावर होतं आणि चांगलं फुललं होतं.

नगरला परतून मी मॅडमना सगळं लिहून दिलं. फोटोत मुठी का वळल्या होत्या तेही लिहिलं. त्यांनी वाचलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, डोळ्यांत पाणीही आलं. मग त्या म्हणाल्या, "मुखपृष्ठ आता छापून झालंय रे. हे आपण 'आव्हाने' या शीर्षकाखाली घेऊ. दोन ओळी दे." मी दोन पानं दिली. त्यांतल्या दोन ओळी घेतल्या गेल्या.

रोज संध्याकाळी मी मावशीला फोन करायचो. "घेतली का?" "घेतली." "मळमळतंय?" "लई. भाकरीचा वास नको वाटतोय. ठिव आता." दुसऱ्या रविवारी गेलो. घरात शिरल्या शिरल्या बाटली मागितली आणि गोळ्या मोजल्या. हिशेब बरोबर जुळला. जेवढे दिवस झाले तेवढ्याच गोळ्या कमी होत्या. मी मावशीचं कौतुक केलं. आमच्या संस्थेतले लाभार्थी इतके काटेकोर असते तर, वगैरे म्हणालो.

तेवढ्यात काकू आल्या. मावशीने बाटली उघडली, त्या दिवसाची गोळी काढली, पाट्यावर ठेवली आणि ब्लेडने मधोमध कापली. अर्धी काकूंना दिली, अर्धी स्वतः तोंडात टाकली. दोघी एकाच तांब्यातून पाणी प्यायल्या. हे सगळं माझ्यादेखत, चहा ओतावा इतक्या सहज.

"हे काय चाललंय?" मी ओरडलोच.

"काय म्हंजी? वाटा."

"अगं, औषधाचा वाटा असतो का?"

"तिला बी टोचलीय ना," मावशी म्हणाली. "एकाच पिशवीत दोघींचे हात हुते. तिनं लपवलं. मागल्या शनवारी सांगितलं मला."

तो शनिवार म्हणजे सुई टोचल्यानंतरचा पाचवा दिवस. काकूंनी मान खाली घातली. "शेवगावकडची पावनी पोरीला बघून गेल्ती," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत माझं नाव लिवलं आसतं तर सोयरीक ऱ्हायली आसती का? म्हनून न्हाई बोलले."

त्या बुधवारी काकू बाकावर पदराखाली हात घेऊन सकाळभर बसल्या होत्या. मी त्यांना चहा दिला होता. त्यांच्यापासून पंचवीस पावलांवर औषध होतं, मुदतही शिल्लक होती, आणि गळ्यात निळी फीत घालून व्यावसायिक आरोग्यावर काम करणारा मी त्यांना साखर कमी हवी का एवढंच विचारून आत गेलो होतो. जोडी एकाच पिशवीत हात घालते हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी तिथूनच त्या तरुण डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, अर्ध्या गोळीचा कुणालाच उपयोग नाही. मावशीने आजपासून पूर्ण गोळी घ्यायची, कमी पडतील तेवढ्या गोळ्या ती पुन्हा देईल. काकूंना आता या गोळीचा फायदा नाही, मुदत गेली. त्यांची रक्ततपासणी आणि काविळीची लस मात्र लगेच करायची, ती अजून करता येते. मी हे जसंच्या तसं दोघींना सांगितलं. काकू उठून गेल्या. मावशीने बाटलीचं झाकण लावलं.

"तिला न्हाई तर मला बी न्हाई," ती म्हणाली. "वीस वर्सांत मी एकटीनं काय खाल्लेलं न्हाई. आन ह्ये तर औषिद."

संध्याकाळपर्यंत मी सगळ्या पद्धती वापरून बघितल्या. रागावलो, हात जोडले, माझ्या शिक्षणाची शपथ घातली. ती म्हणाली, "तुजं शिक्षान हाय, तू खा." नगरला आल्यावर फोन केला तर, "घेतली का?" "ठिव आता, पोरा," एवढंच. फोनवर तिच्याशी मी कधी जिंकलो नाही. पण तिची एक सवय मला माहीत आहे. ती चौथी शिकलेली आहे आणि रद्दीत टाकण्यापूर्वी हाताला आलेला लिहिलेला कागद ती वाचतेच, मग ते कुणाचं वीजबिल असो की लग्नपत्रिका. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं शांत झाल्यावर मी हे पत्र लिहिलं आणि गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं, म्हणजे दुपारी तिला मिळेल.

ती. मावशीस,

सप्रेम जय भीम.

रविवारी मी ओरडलो त्याबद्दल माफ कर. ओरडायचा हक्क मला नव्हता. तू चोरून काही केलं नव्हतंस. तुझ्याकडे एकच गोळी होती आणि टोचलेल्या तुम्ही दोघी होतात, म्हणून तू तिचे दोन वाटे केलेस. माझ्यासमोरच केलेस, कारण त्यात चूक असेल असं तुझ्या मनातही आलं नाही. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

आता मी लिहितो ते नीट वाच. भाकरी अर्धी केली तर दोघींचं अर्धं पोट भरतं. ही गोळी तशी नाही. अर्धी केली की ती दोघींच्याही पोटात जाऊन काहीच करत नाही. तू काकूंना अर्धी गोळी दिलीस तेव्हा त्यांना काहीच दिलं नाहीस, आणि तुझी मात्र गेली. हे वाचून तुला राग येईल, पण गोड करून कसं लिहायचं ते मला माहीत नाही. आमच्या ऑफिसात सगळं गोड करून लिहितात, आणि मीही लिहीत आलोय.

काकूंना गोळी मिळाली नाही यात तुझा दोष नाही. तो माझा आहे. त्या बुधवारी त्या बाकावर बसल्या होत्या. मी फक्त एवढंच विचारायचं होतं, "काकू, तुमचा हात दाखवा." मी विचारलं नाही. त्यांना मुलीच्या सोयरिकीची भीती होती, म्हणून त्या स्वतः सांगणार नव्हत्या. विचारणं हे माझं काम होतं आणि त्याचाच मला पगार मिळतो. तू गोळी सोडलीस तर माझी ती चूक भरून निघणार नाही. फक्त एकीऐवजी दोघींच्या मागे घोर लागेल.

डॉक्टरबाईंशी मी पुन्हा बोललो. काकूंचं रक्त तपासायचं आहे आणि काविळीची लस द्यायची आहे. सुईतून कावीळ होण्याची भीती त्या दुसऱ्या आजारापेक्षा जास्त असते, असं त्या म्हणाल्या, त्यामुळे लस टाळून चालणार नाही. ती त्या लाल फितीच्या खोलीत घ्यायची नाही, बाहेर इंजेक्शनच्या खोलीत मिळते. तिथे लहान मुलांच्या आयाही रांगेत असतात, कुणी विचारणार नाही. रक्ताचा कागद डॉक्टरबाई स्वतः माझ्या हातात देणार आहेत. शेवगावच्या पाहुण्यांपर्यंत काही जाणार नाही, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतो. त्या दिवशी बोळात जाऊ नका. दोघींनी तयार राहा. तू बाहेर बाकावर बसायचं, काकूंबरोबर मी आत जाईन. मागच्या वेळी उलटं झालं होतं.

आज सोमवार आहे. हे पत्र दुपारी पोचेल. वाचून झालं की आधी थोडं खाऊन घे आणि मग गोळी घे. भाकरी जात नसेल तर भात कर. मळमळलं तर पडून राहा. फोनवर "ठिव" म्हणालीस तरी चालेल, पण त्याआधी "अख्खी घेतली" म्हण. खोटं म्हणालीस तर मला कळणार नाही, हेही खरं आहे. मला तुझ्या शब्दावरच राहावं लागेल.

तुझा भाचा

ता. क. हे पत्र काकूंना वाचून दाखव. माझ्या चुकीचं लिहिलंय तेही वाच, गाळू नकोस.